सीन-सीक्वेल पद्धत: एक अख्खी रहस्यकादंबरी लिहून झाल्यावर

ड्वाइट स्वेन यांची सीन-सीक्वेल पद्धत मी पाऊण वर्ष वापरते आहे. एक रहस्यकादंबरी आणि काही भयकथा तिच्या आधाराने लिहून झाल्या. रहस्य, भय, विज्ञान, प्रणय यांपैकी कुठल्याही प्रकारात लिहिणाऱ्याने ती एकदा तरी मनापासून वापरावी, असं माझं ठाम मत आहे. मात्र बहुतेक जण तिचा उपयोग आराखडा आखताना करतात आणि माझ्या अनुभवात तिथेच ती सगळ्यात कमी कामाला येते. तिची खरी ताकद दुसऱ्या खर्ड्यात दिसते आणि तिथेही सीनपेक्षा सीक्वेलमध्ये जास्त.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वेन हे अमेरिकेतल्या पल्प मासिकांत, म्हणजे स्वस्त कागदावरच्या लोकप्रिय कथामासिकांत, विज्ञानकथा लिहीत. पुढे ओक्लाहोमा विद्यापीठात त्यांनी व्यावसायिक लेखन शिकवलं. १९६५ साली त्यांनी ही पद्धत पुस्तकात मांडली आणि त्यांचे विद्यार्थी जॅक बिकम यांनी ती आणखी पुढे नेली. गोष्ट दोन प्रकारच्या तुकड्यांनी बनते, असं स्वेन म्हणतात. सीनमध्ये पात्राला काहीतरी हवं असतं, कुणीतरी आडवं येतं आणि शेवटी फटका बसतो. सीक्वेलमध्ये ते पात्र आधी हादरतं, मग पेचात पडतं, मग निर्णय घेतं. हा निर्णय म्हणजेच पुढच्या सीनचा हेतू. साखळी अशी चालू राहते.

आधी सीनबद्दल. फटका म्हणजे दर वेळी मारामारी किंवा मृत्यू नव्हे, हे लक्षात आलं की निम्मं काम होतं. सीनच्या सुरुवातीला वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: हिला हवं ते मिळेल का? त्याचं सरळ ‘हो’ हे उत्तर गोष्ट थांबवतं. ‘हो, पण’ आणि ‘नाही, शिवाय’ ही दोन उत्तरं गोष्ट चालवतात. माझ्या कादंबरीतली तपास अधिकारी मृताच्या घरमालकिणीकडे भाडेकरूंची नोंदवही मागायला जाते. पहिल्या खर्ड्यात घरमालकीण वही देते, दोघी बोलत बसतात, माहिती मिळते, प्रकरण संपतं. दुसऱ्या खर्ड्यात घरमालकीण अट घालते: वहीबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं ते आधी सांगा, मग वही. खबऱ्याचं नाव फोडणं अधिकाऱ्याला परवडणारं नाही. बरीच ओढाताण होऊन वही मिळते, पण हवं असलेलं पान फाडलेलं असतं आणि मागच्या पानावर तिच्याच एका सहकाऱ्याची सही असते. माहिती तेवढीच आहे, पण आता वाचकाला पुढचं पान उलटावं लागतं.

या ओढाताणीचा दुसरा फायदा रहस्यकथेला फार मोठा आहे. धागादोरा लपवायला भांडणासारखी जागा नाही. वहीवरून वाद ऐन रंगात असताना घरमालकीण बारीक अक्षर वाचण्यासाठी चष्मा कपाळावर सरकवते. एवढं एकच वाक्य. आधीच्या जबानीत तिने सांगितलेलं असतं की, मध्यरात्री आवाजाने जाग आली, तशीच अंथरुणातून उठून खिडकीशी गेले आणि अंगणापलीकडचा माणूस ओळखला. जवळचं वाचायला चष्मा काढणाऱ्या बाईला लांबचं चष्म्याशिवाय दिसत नाही. वाचकाचं सगळं लक्ष वही मिळते की नाही याकडे असतं, त्यामुळे चष्मा त्याच्या डोळ्यांसमोर असूनही निसटतो. हीच गोष्ट मी शांत वर्णनात ठेवली असती तर कुणीही बोट ठेवलं असतं.

आता सीक्वेल. रहस्यकथा लिहिणारा इथे हमखास अडतो. सीक्वेल मागतो की पात्राचं मन उघडं करा: त्याला काय वाटलं, कोणते पर्याय दिसले, त्यातला कोणता का निवडला. रहस्यकथेला मात्र तपास करणाऱ्याचे निष्कर्ष शेवटपर्यंत झाकून ठेवायचे असतात. ‘तिच्या मनात एक विचार चमकला, पण तो तिने कुणालाच सांगितला नाही’ अशी वाक्यं लिहून वेळ मारून नेता येते, पण वाचक त्याला फसवणूकच म्हणतो आणि त्याचं बरोबर असतं. पाचव्या-सहाव्या प्रकरणापर्यंत हा पेच मला रोज छळत होता.

उत्तर सापडलं ते स्वेनच्याही बऱ्याच आधीच्या नियमांत. रोनाल्ड नॉक्स हे धर्मगुरू आणि रहस्यकथालेखक. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातले काही आज जुनाट आणि काही आक्षेपार्हही वाटतात, पण दोन अजून खणखणीत आहेत. एक, गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. दुसरा, गुप्तहेराच्या सोबत्याने आपल्या मनातला कुठलाही विचार वाचकापासून लपवू नये आणि त्याची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच कमी असावी. म्हणजे सीक्वेल सोबत्याला द्यायचा! मी अधिकाऱ्याच्या हाताखालच्या तरुण हवालदाराला कथनाचा कोन दिला आणि सगळे सीक्वेल त्याच्याकडे वळवले. तो हादरतो, तो चुकीचे पण पटण्यासारखे निष्कर्ष काढतो, तो निर्णय घेतो. अधिकाऱ्याचं फक्त वागणं दिसतं. पद्धत पाळली गेली, रहस्यही शाबूत राहिलं आणि वर हवालदाराला स्वतःची गोष्ट मिळाली.

सीक्वेल गोष्टीचा वेग ठरवतो हे स्वेन यांचं म्हणणं प्रत्यक्षात तंतोतंत उतरतं. शेवटाकडे सीक्वेल दोन-तीन ओळींवर आणले की गोष्ट धावू लागते. प्रणयकथेत उलट करावं लागेल; तिथे भेटीपेक्षा भेटीनंतरची तळमळच वाचायला लोक येतात.

वाक्याच्या पातळीवरही स्वेन यांचा एक नियम आहे: आधी कारण, मग प्रतिक्रिया. प्रतिक्रियेतही आधी भावना, मग अंगाची आपसूक हालचाल, शेवटी विचारपूर्वक कृती किंवा बोलणं. ‘हवालदार दचकून मागे सरला, कारण कपाटातून काहीतरी पडलं होतं’ याऐवजी ‘कपाटातून काहीतरी पडलं. हवालदार दचकून मागे सरला. “कोण आहे?”’ असं लिहिलं की वाचकही त्याच क्षणी दचकतो. आपल्याकडे ‘-ताना’ची वाक्यं सहज हातून सुटतात: दार उघडताना त्याला आवाज आला, वळताना त्याने हाक मारली. थराराच्या प्रसंगात ती मी एकेक करून सोडवली. संथ प्रसंगात मात्र तशीच ठेवली. सगळीकडे हा नियम लावला तर गद्य तुटक होतं आणि ते कानाला खुपतं.

भयकथेत या पद्धतीने मला अर्धीच साथ दिली. पात्र नीट विचार करून निर्णय घेऊ लागलं की भीती उतरते. तिथे चित्रपट दिग्दर्शक हिचकॉक यांचा टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला जास्त उपयोगी पडला: बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, पण प्रेक्षकाला तो आधीच माहीत असेल तर पंधरा मिनिटांची धाकधूक. म्हणून भयकथेत मी पात्राचा निर्णय शहाणाच ठेवते, पण तळघरात काय आहे ते वाचकाला आधी दाखवून ठेवते. शहाणा माणूस शहाणपणानेच तळघराकडे निघतो तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येतो.

छोट्या, वेगवान कथांसाठी पल्प मासिकांतलेच एक लेखक लेस्टर डेन्ट यांचा आराखडा जास्त सुटसुटीत आहे: सहा हजार शब्द, दीड हजारांचे चार भाग, प्रत्येक भागात नायकावर नवं संकट.

वापरायचं कसं, तर पहिला खर्डा मनाला येईल तसा लिहावा. त्यानंतर प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करावं आणि त्यावर तीनच गोष्टी लिहाव्यात: कुणाला काय हवं, कोण आडवं आलं, शेवटी काय बिघडलं. जिथे तिसरी ओळ रिकामी राहते तो प्रसंग एकतर गाळायचा किंवा शेजारच्या प्रसंगात मिसळायचा. आधीच कार्डं भरून मग लिहायला बसलं की पात्रं कार्डाच्या हुकमाने चालतात आणि ते वाचताना कळतं.

उलगड्याच्या प्रकरणाबद्दल या पद्धतीकडे थेट उत्तर नाही. सगळे एका खोलीत जमतात, गुप्तहेर बोलतो, बाकीचे ऐकतात. ना हेतू, ना आडकाठी. मी त्या प्रकरणालाही सीनच केलं. अधिकाऱ्याकडे तर्क आहे पण पुरावा नाही, म्हणून तिला कबुलीजबाब हवा आहे. समोर घरमालकीण आहे, तिचा वकील प्रत्येक प्रश्न अडवतो आहे. त्यामुळे उलगड्यातलं एकेक वाक्य भाषण न राहता डाव बनतं, आणि चष्म्याचा मुद्दा अधिकारी बोलूनच दाखवत नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करते आणि घरमालकिणीला विचारते, चष्मा काढून जरा वेळ सांगता का?