कोरफडीचा रस : पावसाळ्यापासून पितोय, आता सांगतो

गेल्या पावसाळ्यापासून सकाळी उपाशीपोटी कोरफडीचा रस घेतोय. तक्रारी दोन: जुनं बद्धकोष्ठ आणि रात्री जेवणानंतर छातीत होणारी जळजळ.

बाटलीतला रस पाणचट आणि आंबट लागतो. आंबटपणा सायट्रिक ॲसिडचा, कोरफडीचा नव्हे. दोन-तीन टेबलस्पून रस ग्लासभर पाण्यात घेतो. चवीची सवय होते.

जळजळ कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. रात्रीचं जेवणही त्याच सुमारास लवकर उरकायला लागलो, त्यामुळे सगळं श्रेय रसाला देववत नाही. पोटाचं म्हणाल तर बाटलीतल्या रसाने फारसा फरक पडला नाही. मग शेजारच्या काकूंनी त्यांच्या कुंडीतलं पान सालीसकट वाटून रस दिला. कडूजहर! दुसऱ्या दिवशी सकाळी पोट धडाधड साफ, सोबत मुरडाही. काकू म्हणाल्या, "बघ, याला म्हणतात गुण."

हा गुण गराचा नाही, सालीलगतच्या पिवळ्या चिकाचा. त्यात ॲलोइन असतं आणि ते जुलाबाचं काम करतं. तोच चीक आटवून वाळवला की काळा बोळ होतो. रोज घेण्याची ही वस्तू नव्हे. सतत जुलाब झाले तर शरीरातलं पोटॅशियम घटतं. अमेरिकेत तर २००२ साली औषध प्रशासनाने या चिकाची जुलाबाची औषधं दुकानांतून काढायला लावली, कारण ती सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा कंपन्यांनी दिला नव्हता. अख्ख्या पानाचा, चीक न काढलेला अर्क दोन वर्षं पाण्यातून दिलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अख्ख्या पानाचा अर्क 'माणसात कर्करोगाची शक्यता' असलेल्या २ब गटात टाकला. त्यामुळे 'कडू तेवढं गुणकारी' हे इथे बाजूला ठेवा.

घरी करायचाच तर पान कापून कापलेली बाजू खाली करून उभं ठेवा. पिवळा चीक ठिबकून जाऊ द्या. मग साल जाड सोला, गर दोन-तीनदा धुवा आणि लगेच पिऊन टाका. नुसता गर जवळजवळ ९९ टक्के पाणीच असतो, त्यामुळे त्याच्याकडून चमत्कार मागू नका. विकतचा घेताना लेबलवर फक्त आतल्या गराचा रस लिहिलंय का, साखर घातली आहे का, हे बघा. 'शंभर टक्के शुद्ध' या ठळक अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरं जास्त कामाची. बाटली उघडली की फ्रिजमध्ये.

चेहऱ्यावर तेज वगैरे? आरशात तरी दिसलं नाही. वजनही जागच्या जागी. आमच्या आईला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. रसाने साखर आणखी उतरू शकते म्हणून डॉक्टरांनी तिला 'मला विचारल्याशिवाय घेऊ नका' असं सांगितलं. लघवी जास्त होण्याच्या किंवा हृदयाच्या डिगॉक्सिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी विचारावं. गरोदर बायकांनी तर नकोच.

ही बाटली संपली की जळजळीसाठी अजून एक आणेन. पोटासाठी इसबगोल घेतोय, ते स्वस्तही पडतं आणि मुरडाही येत नाही.