गाभण म्हणून विकलेली रिकामी घोडी

थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) घोडी गाभण सांगून रिकामी गळ्यात मारायची असेल तर खोटा कागद लागतोच असं नाही. आमच्या तबेल्यात आलेल्या घोडीचे तिन्ही कागद खरे होते: घोड्याकडून भरवल्याचा दाखला, त्यानंतरच्या १६व्या दिवसाची सोनोग्राफी आणि सत्तर-ऐंशी दिवसांच्या दरम्यानचा रक्ताचा पॉझिटिव्ह रिपोर्ट. पोट सुटलेलं, माजाचं नाव नाही. दिवस भरत आले तरी कास धरेना म्हणून तपासलं, तर गर्भाशय रिकामं. विकणाऱ्याचं उत्तर तयारच होतं: “तुमच्याकडे आल्यावर गाभडली असेल.”

खोच रक्ताच्या रिपोर्टात आहे. गर्भ साधारण ३५ ते ४० दिवसांचा झाला की त्याच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात रुजतात आणि वाटीच्या आकाराच्या गाठी तयार होतात. त्या ईसीजी (eCG; हृदयाच्या तपासणीचा ईसीजी नव्हे) हे संप्रेरक सोडतात आणि चाचणी तेच पकडते. गाठी झाल्यावर गर्भ मेला तरी त्यांचं काम थांबत नाही, अगदी १२०व्या दिवसाच्या आसपासपर्यंत. पोटात काही नाही, रक्त मात्र गाभण! या काळात घोडी सहसा नीट माजावरही येत नाही, त्यामुळे संशय यायला जागाच उरत नाही. सुटलेल्या पोटावर तर कधीच जाऊ नये; नुसत्या वैरणीनंही ते सुटतं.

१६व्या दिवसाच्या सोनोग्राफीत गर्भाच्या पिशवीचा दोन-अडीच सेंटिमीटरचा काळा गोल दिसतो, बस्स. ठोके दिसायला २५ दिवस तरी उलटावे लागतात. शेजारी दुसरा गोल, म्हणजे जुळं असेल तर एक तेव्हाच दाबून फोडतात; राहून गेला तर पुढे बहुतेकदा दोन्ही जातात. म्हणून ४५व्या दिवसाच्या आसपासची तपासणी महत्त्वाची, आणि फायलीत नेमका तोच कागद नसेल तर सरळ विचारा.

आणखी एक युक्ती अल्ट्रेनोजेस्टची. हे तेलातलं औषध रोज तोंडावाटे दिलं की रिकामी घोडीही माजावर येत नाही. गाभ टिकावा म्हणूनही ते देतात, त्यामुळे बाटली दिसली म्हणजे लबाडीच असं नाही. पण कधीपासून आणि का देताय, हे लिहून घ्यावं.

सोनोग्राफी विकणाऱ्याच्याच तबेल्यात, गाडीत चढवण्याआधी, आपल्या व्हेटकडून (पशुवैद्याकडून) करून घ्यायची. आधी मानेच्या डाव्या बाजूची मायक्रोचिप वाचायची, १५ आकडे घोडीच्या पासपोर्टशी (ओळखपुस्तिकेशी) जुळवायचे, भोवरे आणि पांढरे पट्टे बघायचे. सोनोग्राफीच्या नुसत्या छापील चित्रावरून घोडी ओळखता येत नाही. रिपोर्टात चिप क्रमांक, तारीख आणि ‘गर्भ जिवंत’ हे तिन्ही हवं. १०० दिवस उलटले असतील तर रक्तात इस्ट्रोन सल्फेट हे संप्रेरक तपासायला सांगा. ते जिवंत गर्भाशी जोडलेलं असतं, ईसीजीसारखं मागे रेंगाळत नाही.

करारात नुसतं ‘गाभण’ लिहू नका. ‘ताबा देण्याच्या दिवशी खरेदीदाराच्या व्हेटनं जिवंत गर्भ पाहिलेली’ असं लिहा. नाहीतर अख्खा हंगाम बुडतो. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाचं शिंगरू स्टडबुकात (जातीच्या वंशनोंदवहीत) नोंदवलं जात नाही, घोडी घोड्यासमोरच न्यावी लागते, आणि गाभ सुमारे ११ महिन्यांचा. घोड्याची फी चुकती झाल्याची पावतीही त्याच बैठकीत मागा. फी थकली असेल तर भरवल्याचा दाखला अडवला जाऊ शकतो, आणि मग धडधाकट शिंगरू झालं तरी त्याची नोंदणी अडकते.