ब्रीडर (उबवणीची अंडी देणाऱ्या) कोंबड्यांसाठी व्हिटॅमिन ई-सेलेनियम: लिक्विड, सेलेनाइट की यीस्ट?

'हॅचेबिलिटी (अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण) वाढवा' असं लेबलवर छापलेलं व्हिटॅमिन ई-सेलेनियम तीन रूपांत मिळतं: पाण्यातून द्यायचं लिक्विड, सोडियम सेलेनाइटची पावडर आणि सेलेनियम यीस्टची पावडर. उबवणीची अंडी देणाऱ्या कळपाला यीस्टवाली पावडरच द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भ्रूणाला २१ दिवस बाहेरून पोषण मिळत नाही. आईच्या खाद्यातून अंड्यात जे उतरलं तेवढंच त्याचं. त्याच्या ऊतींमध्ये, विशेषतः मेंदूत, असंतृप्त स्निग्धाम्लं भरपूर असतात आणि ती ऑक्सिजनमुळे चटकन बिघडतात. १९व्या-२०व्या दिवशी पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेऊ लागतं, तेव्हा हा धोका वाढतो. बलकातून यकृतात साठलेलं व्हिटॅमिन ई तेव्हा उपयोगी पडतं. अंड्यातून बाहेर आल्यावर हा साठा पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात झपाट्यानं उतरतो, आणि कोवळ्या पिल्लाला खाद्यातलं व्हिटॅमिन ई नीट शोषता येत नाही. म्हणून आईच्या खाद्यातली उणीव पिल्लाच्या पहिल्या (स्टार्टर) खाद्यानं भरून निघत नाही.

सेलेनियम ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एंझाइमचा घटक आहे; हे एंझाइम ऑक्सिजनमुळे होणारं असंच नुकसान रोखतं. ते काम सेलेनाइटनंही होतं आणि ते स्वस्तही पडतं. पण यीस्टमधलं सेलेनोमेथिओनिन (सेलेनियम जोडलेलं अमिनो आम्ल) प्रथिनांमध्ये मेथिओनिन या नेहमीच्या अमिनो आम्लाच्या जागी बसतं, त्यामुळे ते बलकात आणि पांढऱ्यातही जास्त उतरतं. पिल्लाला मिळणारा साठा इथेच वाढतो.

मात्रा लेबलवरच्या टक्केवारीवरून काढा. ब्रीडर खाद्यात किलोमागे साधारण १०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) व्हिटॅमिन ई ठेवतात; ५० टक्के पावडर (ग्रॅममागे ५०० आययू) असेल तर टनाला २०० ग्रॅम. किलोमागे ०.३ मिलिग्रॅम सेलेनियमसाठी २००० पीपीएमचं (ग्रॅममागे २ मिलिग्रॅम सेलेनियम असलेलं) यीस्ट टनाला १५० ग्रॅम लागतं. प्रीमिक्समध्ये (खाद्यात मिसळायच्या तयार व्हिटॅमिन-खनिज मिश्रणात) सेलेनियम आधीच असेल तर तेवढं वजा करा. ही वजाबाकी राहून जाते, आणि सेलेनियमच्या बाबतीत ती महागात पडते: गरज आणि विषबाधा यांत अंतर थोडं आहे, अतिरेक झाला की भ्रूणात व्यंग येतं. इतकी कमी पावडर थेट मिक्सरमध्ये टाकू नका. आधी किलोभर मक्याच्या भरड्यात, मग दहा किलोत, मग पूर्ण बॅचमध्ये मिसळा.

व्हिटॅमिन ई 'अॅसिटेट' रूपातलंच घ्या. साधं टोकोफेरॉल खाद्यात लवकर नष्ट होतं. खवट तेल, मोरचूद आणि कोलीन क्लोराइड यांच्यासोबत व्हिटॅमिन ई एकाच पोत्यात महिनोन्महिने पडून राहिलं तर चांगल्या मालाचाही जोर जातो. आणखी एक दुर्लक्षित गोष्ट: व्हिटॅमिन ए गरजेपेक्षा जास्त दिलं तर बलकातलं व्हिटॅमिन ई आणि कॅरोटिनॉइड (बलकाला पिवळा-केशरी रंग देणारी द्रव्यं) दोन्ही घटतात. ए-डी-ई (तिन्ही व्हिटॅमिनं एकत्र असलेलं) लिक्विड 'जास्तीचं' म्हणून सतत देणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावं. माशाचं तेल वापरत असाल तर व्हिटॅमिन ईची गरज वाढते.

बलकाच्या गडद रंगावर विसंबू नका. झेंडूचा अर्क किंवा कँथाझँथिन हे रंगद्रव्य रंग देतात, त्यांचा थोडा लाभही पिल्लाला होतो. पण व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम यांचा पत्ता रंगावरून लागत नाही. शंका असेल तर बलकाची प्रयोगशाळेत तपासणी करा.

लिक्विडचा उपयोग उष्णतेचा ताण किंवा लसीकरण अशा थोड्या दिवसांपुरता. पाण्याचं सेवन हवामानानुसार बदलतं, मात्रा हातात राहत नाही.

परिणाम लगेच शोधू नका. बलक भराभर वाढण्याचा काळ सात ते दहा दिवसांचा असतो, म्हणून उबवणीची अंडी गोळा करण्याच्या किमान तीन आठवडे आधी सुरुवात करा. कँडलिंगनंतर (अंडी उजेडासमोर धरून तपासल्यावर) बाद अंडी फोडून बघा: चौथ्या दिवसाच्या आसपास रक्तस्राव होऊन मेलेले भ्रूण जास्त सापडले तर व्हिटॅमिन ई कमी पडत असावं. तिथे उबवणी मशीनचं तापमानही त्याच वेळी पडताळा, कारण त्यानंही याच दिवसांत मर होते.