ब्रिटनची एनएचएस आणि अमेरिकेचा विमा: लोकांचं मत

एनएचएसवर, म्हणजे ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस’ या सरकारी आरोग्यसेवेवर, चिडलेला माणूस ब्रिटनमध्ये घरोघरी सापडेल, पण ती मोडीत काढा म्हणणारा विरळा. तेव्हाचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या पुढाकाराने ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली ही सेवा मुख्यतः करांच्या पैशावर चालते. डॉक्टरकडे बिल भरावं लागत नाही. (नोकरीसाठी पुण्याहून तिथे जाणाऱ्यांना मात्र बहुतेक व्हिसांवर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार पडतो.) ‘ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स’ पाहणीत २०१० साली ७० टक्के लोक समाधानी होते, २०२४ मध्ये जेमतेम २१ टक्के. चीड मुख्यतः ताटकळण्याची. सकाळी आठला दवाखान्याची फोनलाइन उघडते आणि बघता बघता त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट संपतात. गुडघ्याच्या ऑपरेशनला तर महिनोन्‌महिने जातात. तरीही सेवा मोफतच राहावी, असं त्याच पाहणीत बहुसंख्य लोक सांगतात.

अमेरिकेत स्वतःला मिळणाऱ्या उपचारांबद्दल बहुतेक जण चांगलं बोलतात, धसका खर्चाचा. तपासणीनंतर विमा कंपनीचा कागद येतो, त्यावर ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असतं. खरं बिल मागाहून येतं, आणि डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी स्वतः भरायची ठरावीक रक्कम) संपेपर्यंत बराचसा भार आपल्याच खिशावर. पासष्टीनंतरचं मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, लोकांना मनापासून हवं असतं. पण त्याआधी नोकरी गेली की विमाही धोक्यात, हे मला फार क्रूर वाटतं.

मी एनएचएसच निवडेन. माणसं आणि पैसा वाढवला तर रांग कमी करता येते. अमेरिका जीडीपीच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर खर्च करते, ब्रिटन ११ च्या आसपास. तरी अमेरिकेत अडीच कोटींहून जास्त लोकांकडे विमाच नाही.