दोन वर्षं, दोन सॅडलबॅगा आणि एक भोक

बाईकवरून लांब जाताना सामानासाठी आधी पाठीवर सॅक, मग सीटवर हुकवाली रबरी दोरी, असं करत करत मी सॅडलबॅगपर्यंत, म्हणजे सीटच्या दोन्ही बाजूंना टांगायच्या बॅगांपर्यंत पोचले. पाठीवरची सॅक पहिल्या तासाला जाणवत नाही, तिसऱ्या तासाला मान बोलायला लागते. दोरीबद्दल एवढंच सांगते, की ताणलेला हुक निसटला तर तो डोळ्याकडेच येणार असं धरून चालावं.

मग कापडी सॅडलबॅगांची जोडी घेतली. प्रत्येकी २० लिटर, गुंडाळून बंद होणारं तोंड, आत वेगळी वॉटरप्रूफ पिशवी. कापड १००० डेनियरचं. हा आकडा विकणारे फार मिरवतात. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, बास. त्यावरून धागा किती जाड ते कळतं, शिवण कशी आहे ते नाही. आणि पाणी घुसतं ते बहुतेक शिवणीतून, नाहीतर चेनमधून. म्हणून हे बिनचेनचं तोंड मला आवडलं. फक्त वेटोळे किमान तीन हवेत. एकदा कंटाळा करून दोनच घातले आणि संध्याकाळी मोजे पिळत बसले. त्या वेटोळ्यांसाठी वरचं कापड मोकळं ठेवावं लागतं, तेव्हा ते २० लिटर कागदावरचेच समजा.

आता भोक. रिकामी बॅग टांगून पाहिली तेव्हा सायलेन्सरपासून चार बोटं अंतर होतं. मी खूश. सामान भरल्यावर तळ फुगला, आणि खडबडीत रस्त्यावर सीटवरचा वेल्क्रो थोडा थोडा सरकत गेला. जळका वास आला, तर कुणीतरी कचरा पेटवला असेल म्हणून मी आणखी दोन किलोमीटर तशीच गेले! थांबून पाहिलं तर सायलेन्सरवर काळा, चकचकीत, च्युइंगगमसारखा गोळा चिकटलेला आणि बॅगेच्या तळाला अंगठ्याच्या नखाएवढं भोक. आतली पिशवी आकसली होती, पण फाटली नव्हती. रेनकोटची बाही मात्र स्वतःलाच चिकटून बसली. उष्णतारोधक पत्रा कंपनी वेगळा विकते, हे मला नंतर समजलं. माहितीपत्रकातल्या फोटोत बाईकवरच्या बॅगा रिकाम्या आहेत, हेही तेव्हाच लक्षात आलं.

चूक माझीही आहेच. बॅगेआधी सॅडल स्टे घ्यायला हवे होते. बाजूला ती लोखंडी चौकट लावल्यापासून बॅग आत झुकत नाही, चाकाकडेही जात नाही. पट्ट्यांची लोंबती टोकं मी गुंडाळून टेपने चिकटवते. एखादं टोक बाईकच्या चेनमध्ये अडकलं तर भोकावर भागणार नाही.

ॲल्युमिनियमच्या पेट्या मित्राकडे आहेत. कुलूप लागतं, मुक्कामाला स्टूल म्हणूनही चालतात. पण चिखलात बाईक आडवी झाली की पाय पेटीखाली सापडायची भीती असते. शिवाय गर्दीतून जाताना आपण किती रुंद झालोय याचा सतत हिशेब ठेवायचा, ते मला जमत नाही. टॉप बॉक्स, म्हणजे सीटच्या मागे वर बसवायची पेटी, हेल्मेट ठेवायला झकास. त्यात जड वस्तू भरल्या तर वजन मागच्या ॲक्सलच्या मागे आणि वर जातं, हँडल हलकं वाटायला लागतं. माझ्याकडे मागे फक्त स्लीपिंग बॅग असते. जड ते सगळं खाली, जितकं पुढे सरकवता येईल तितकं. चुंबकाच्या टँक बॅगेबद्दल विचारू नका, माझ्या टाकीवर प्लॅस्टिकचं आवरण आहे.

याच बॅगा पुन्हा घेईन का? घेईन. शिवण अजून एकीकडेही उसवलेली नाही, आणि उतरवून खोलीवर न्यायला अर्धं मिनिट पुरतं. भोकावर आधी ट्यूबचं ठिगळ चिकटवलं, ते दुसऱ्या पावसात सुटलं. मग रेक्झिनचा तुकडा जाड दोऱ्याने शिवला. तिथून थोडं पाणी येतंच, त्यामुळे उजव्या बॅगेत आता टूलकिट आणि चेनचं तेल असतं. कपडे डावीकडे.