चाकांची डायव्हिंग बॅग: बरेच महिने विमानातून नेल्यानंतर

डायव्हिंगची बॅग घेताना खिसे आणि रंग नंतर बघा, आधी रिकामी बॅग काट्यावर ठेवा. माझी 90 लिटरची बॅग रिकामीच 4 किलो भरते. चेक-इनची मर्यादा बहुतेक ठिकाणी 23 किलो, म्हणजे सामान भरायच्या आधीच सहावा हिस्सा गेला.

जागा मात्र भरपूर. फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) कडेला उभ्या, मधे बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट), बूट आणि 3 मिलिमीटर जाडीचा वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) भोवती गुंडाळून, असं सगळं आरामात बसतं. टँक आणि शिशाची वजनं तिकडेच भाड्याने मिळतात, ती नेण्याच्या फंदात पडू नका.

जाताना वजनाचं गणित जमतं, येताना बिघडतं. अर्धवट वाळलेला वेटसूट आणि बीसीडीच्या आत राहिलेलं पाणी बॅगेला सहज किलोभर जड करतं. बीसीडीत थोडी हवा भरून, उलटा धरून इन्फ्लेटरच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीतून पाणी काढायचं. मग तासभर टांगून परत तेच करायचं. कोरडा वाटणाऱ्या बीसीडीतून दुसऱ्या वेळीही वाटीभर पाणी निघतं. लागोपाठ काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबा, असा डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था) सल्ला आहेच. तेवढ्या वेळात सामान सावलीत बऱ्यापैकी वाळतं.

रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र), डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं घड्याळासारखं उपकरण) आणि मास्क मी या बॅगेत कधीच ठेवत नाही, ते माझ्यासोबत केबिनमध्ये. बॅग उशिरा आली तर फिन्स भाड्याने मिळतील, पण चेहऱ्याला नीट बसणारा मास्क मिळेलच असं नाही. सिक्युरिटीला मात्र पितळेचा गोळा आणि त्याला चार नळ्या दिसल्या की बॅग उघडायला लावतात. त्यामुळे रेग्युलेटर सगळ्यात वर ठेवावा. सुरी मुकाट्याने चेक-इनमध्ये.

टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात, टोकं झाकून. 100 वॉट-अवरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, 100 ते 160 असेल तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं. टॉर्चमधला सेलही काढून ठेवा. पाण्यात टॉर्च थंड राहतो; बॅगेत कपड्यांमधे चुकून चालू झाला तर भलताच तापतो. कॅमेऱ्याचं हाउसिंग (पाणी आत न जाऊ देणारं कवच) असेल तर त्याची मोठी ओ-रिंग, म्हणजे झाकणाची रबरी कडी, काढून न्या, नाहीतर हवेच्या दाबातल्या फरकाने ते उघडता उघडत नाही.

आता बॅगेची दुखणी. प्लॅस्टिकच्या दातांची चेन अजून ठणठणीत आहे, पण सरकणाऱ्या दांड्यात वाळू जाऊन तो अर्ध्यावर अडकतो. चाकांचे बेअरिंग खाऱ्या पाण्याने गंजले. बॅग धुवायची म्हणजे चाकंही गोड्या पाण्याने धुवायची, हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. एका प्रवासात चाकाची कडाच फुटून आली. असं झालं तर विमानतळ सोडण्याआधीच तक्रार नोंदवा. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार लेखी तक्रारीची मुदत फक्त 7 दिवसांची आहे.

आणि एवढं करून चाकं कामाला येतात ती विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर, जिथे ट्रॉली असतेच. वाळूत, धक्क्यावर, बोटीत चढताना बॅग उचलूनच न्यावी लागते. पुढची बॅग बिनचाकाची घेणार, हलकी, खांद्याला लावायची. वाचलेल्या वजनात दुसरा वेटसूट बसेल.