सौरघराची रचना करून देणारी सेवा : दोन उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

घराचा आराखडा एकाने करावा आणि सौर यंत्रणा दुसऱ्याने नंतर गच्चीवर आणून बसवावी, असे आम्हांला करायचे नव्हते. म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्र करून देणाऱ्या एका सल्लागार संस्थेची सेवा आम्ही घेतली. घर उष्ण कटिबंधातले, हवा दमट आणि ऊन जवळजवळ वर्षभर. राहायला येऊन दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे झाल्यावर आता या सेवेबद्दल जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते.

पहिल्याच भेटीत आम्ही विचारले, की किती किलोवॅटची यंत्रणा लागेल? तो आकडा शेवटी निघेल, असे सांगून त्यांनी आमच्यापुढे एक तक्ता ठेवला आणि घरातले प्रत्येक उपकरण किती वॅटचे आहे व दिवसाला किती तास चालते, ते भरायला लावले. त्यानंतरच्या दोन्ही बैठकांत पॅनलांचा विषयसुद्धा निघाला नाही. बोलणे झाले ते छप्पर, भिंती आणि वारा यांवर. तेव्हा मला हा वेळकाढूपणा वाटला होता. आज या सेवेतले सर्वांत मोलाचे काम तेच होते, असे मी मनापासून म्हणतो, कारण जी उष्णता घरात शिरतच नाही ती बाहेर काढण्यासाठी वीज लागत नाही, आणि तेवढी यंत्रणा लहान होते. सुरुवातीला आमच्या मनात पाच किलोवॅटचा आकडा होता. प्रत्यक्षात तीन किलोवॅटवर भागले.

या प्रदेशात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे उन्हाचा सर्वांत मोठा मारा भिंतींवर नसून छपरावर होतो. सकाळ-संध्याकाळचे कललेले ऊन मात्र पूर्व आणि पश्चिमेच्या भिंतींवर थेट येते, आणि ते आडव्या छज्जाने अडत नाही. म्हणून त्यांनी घराची लांबी पूर्व-पश्चिम धरली, पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि साठवणीची खोली घेतली, आणि खिडक्या उत्तर-दक्षिणेला समोरासमोर ठेवल्या. स्लॅबवर पांढरा परावर्तक लेप दिला आणि पॅनल स्लॅबला चिकटवून न बसवता त्यांच्याखालून वारा वाहील इतके उंच घेतले. याचा दुहेरी लाभ होतो : पॅनलांची सावली स्लॅबला मिळते आणि पॅनलही थोडे थंड राहतात. भर उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास शिडी लावून मी छताला आतून हात लावून पाहिला. पॅनलांखालच्या भागात छत जेमतेम कोमट लागले. चार पावले पुढे, जिथे लेप आहे पण पॅनल नाहीत, तिथे ते स्पष्टपणे गरम होते.

पॅनलांच्या बाबतीत त्यांनी कोणतेही गोड चित्र रंगवले नाही, हेही नोंदवले पाहिजे. पॅनलची क्षमता त्यातल्या वीज तयार करणाऱ्या सौर पेशींचे तापमान 25 अंश धरून मोजलेली असते. कडक उन्हात ते 60 ते 65 अंशांपर्यंत जाते, आणि 25 अंशांच्या पुढच्या प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण 0.35 टक्क्याने घटते. म्हणजे ऐन दुपारी केवळ तापण्यामुळे बारा-चौदा टक्के क्षमता जाणार, हे आम्हांला आधीच ठाऊक होते. स्वच्छ दिवशी बारा युनिटांच्या आसपास वीज मिळते, दाट ढगांच्या दिवशी तीन-चारच, आणि दोन्ही आकडे त्यांच्या अंदाजाला धरून आहेत. बाहेरची वीज गेली की साधा ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला, जोडलेला इन्व्हर्टर (पॅनलांची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र), तारांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी, ऊन असले तरी आपोआप बंद होतो, हेही त्यांनी न विचारता सांगितले. म्हणून बाहेरची वीज गेल्यावरही बॅटरीच्या जोडीने चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि फक्त दिवे, पंखे व फ्रिज यांच्यापुरती लिथियम बॅटरी घेतली. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे, आहेत. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेत असे, हा तीसच्या आसपास घेतो.

आता तक्रारी. पहिली पाण्याच्या टाकीची. ती पॅनलांच्या खालच्या कडेच्या बाजूला, पश्चिमेच्या कोपऱ्यात ठेवली गेली. दिवस लहान असतात त्या महिन्यांत दुपारी साडेतीननंतर तिची सावली आठांपैकी दोन पॅनलांच्या खालच्या कडेवर चढते. सावलीची पट्टी वीतभरच, पण आमच्या पॅनलांतल्या पेशी उभ्या तीन भागांत जोडलेल्या असल्याने खालची ओळ झाकली की तिन्ही भाग एकदम बाद होतात. मी मोबाइलवर आकडा पाहत गच्चीत उभा होतो, तेव्हा सोळाशे वॅटवरून तो काही मिनिटांत बाराशेवर आला. आराखड्यात सावलीचा अभ्यास होता, परंतु तो एकाच ऋतूतल्या दुपारचा होता. त्यांनी चूक मान्य केली आणि टाकी हलवण्याचा खर्चही उचलला. तरीही जी संस्था उन्हाचाच अभ्यास विकते, तिच्याकडून हे व्हायला नको होते.

दुसरी तक्रार मला अधिक गंभीर वाटते. सगळ्या घरात हवा खेळती राहावी म्हणून दारांच्या वर काचेच्या झडपांचे झरोके दिले आहेत, आणि बैठकीच्या खोलीत ते उत्तम काम करतात. पण ज्या एका शयनगृहात एअर कंडिशनर आहे तिथेही तेच झरोके बसवले, आणि त्यांच्या झडपा घट्ट मिटत नाहीत. दमट हवेत एअर कंडिशनरला खोली थंड करण्याबरोबरच हवेतली वाफ काढण्याचेही कष्ट पडतात. फटीतून ओलसर हवा सतत आत येत राहिली तर ते काम रात्रभर संपतच नाही. रात्री सौर उत्पादन नसते, त्यामुळे हा भार थेट बाहेरच्या विजेवर येतो. उघडे घर आणि बंद खोली या दोन वेगळ्या रचना आहेत, आणि एकाच छपराखाली दोन्ही हव्या असतील तर त्यांच्यातली सीमारेषा आराखड्यातच ठळक आखावी लागते. ती इथे आखली गेली नाही.

तरीही ही सेवा मी पुन्हा घेईन, मात्र दोन गोष्टी आधी लेखी मागून : वर्षातल्या किमान चार वेगवेगळ्या महिन्यांतला, सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा सावलीचा नकाशा, आणि वातानुकूलित खोलीच्या दारे, खिडक्या व झरोक्यांचा स्वतंत्र तपशील. टाकी आता पॅनलांच्या मागच्या बाजूला गेली आहे. शयनगृहातल्या झडपांना मी तूर्त रबराची पट्टी लावली आहे. ती जागा कायमची बंद करण्यासाठी काचेचे अखंड तावदान बसवायचे आहे.